औटघटका

औटघटका म्हणजे साडेतीन घटका. एका घटकेची 24 मिनिटे धरली तर हिशेब 84 मिनिटांचा होतो. बोलताना मात्र कोणी इतके मोजत नाही. जे फार दिवस चालायचे नाही, त्यातही हाती आलेली सत्ता, ते 'औटघटकेचे राज्य'. 'क्षणभंगुर' या शब्दात हळहळ असते, यात टोमणा. देह क्षणभंगुर, मंत्रिपद औटघटकेचे.

यातला 'औट' क्रिकेटमधला नव्हे. संस्कृत 'अर्धचतुर्थ', म्हणजे तीन पुरे आणि चौथा अर्धा. त्याचे प्राकृतात 'अद्धुट्ठ', जुन्या मराठीत 'अहुठ' आणि पुढे 'औट' झाले. 'अर्धतृतीय'चे 'अडीच' झाले ते याच वाटेने. अडीच रोजच्या वापरात राहिले, औटाची जागा 'साडेतीन'ने घेतली. पावकी-निमकीच्या पाढ्यांत दोनाचे सात, चाराचे चौदा करणारी 'औटकी' मात्र जुन्या पिढीला पाठ असे. माणसाचा देहही औट हातांचाच.

घटका मोजायची ती घटिकापात्राने. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका. अहोरात्रात अशा साठ. लग्नाचा मुहूर्तही याच वाटीवर साधत. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग तिथलाच, आणि तो मरणालाही लागू पडतो. घड्याळे आल्यावर माप गेले. 'घटकाभर टेका' म्हणताना आता कोणी मिनिटे धरत नाही.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला या शब्दाचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. 1 जून 1858 रोजी जयाजीराव शिंद्यांचे सैन्य फितले आणि जयाजीराव आग्र्याकडे निघून गेले. नानासाहेब पेशव्यांचे पुतणे रावसाहेब, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई शहरात आल्या. रावसाहेबांनी दरबार भरवून पेशवाई पुन्हा उभी केली. महिना संपायच्या आत राणी धारातीर्थी पडल्या आणि इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने शहर व किल्ला घेतला. तीन आठवड्यांचीही पेशवाई नव्हे ती. गंमत अशी, की 1810च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी याच किल्ल्याखाली टाकलेला तळ, जो हलण्यासाठीच असतो, तो हललाच नाही. त्याचे 'लष्कर' हे शहर झाले.

तिथल्या घरांत हिंदीतली 'चार दिन की चाँदनी'ही कानावर असते. ती रूपाला, पैशाला, सुखाला सारखीच चालते. औटघटकेला सहसा गादी लागते.