पट्टी घेऊन बसले आणि पदर आडवा आला

मागच्या दिवाळीला माळा आवरायला काढला तेव्हा सुतळीनं बांधलेला जुन्या दिवाळी अंकांचा एक गठ्ठा सापडला, कसर लागलेला, आणि मग आवरणं राहिलं बाजूला, मी तिथंच फतकल मारून बसले. बहुतेकांची मुखपृष्ठं फाटून गेलेली, एकच धड होतं. निरांजन घेतलेली बाई, नाकात नथ, गोल खांदे, भरलेले दंड, आणि कंबर अशी की हिचं जेवण जातं कुठे. चित्रकाराच्या सहीचा कोपरा उंदरानं खाल्लेला. मला काय सुचलं कोण जाणे, लेकीच्या कंपासमधली पट्टी आणली आणि मोजायला लागले. खांदे ५.१ सेंमी, कंबर २.४ सेंमी, आणि तीही अंदाजपंचे, कारण नेमका तिथंच पदर आडवा येतो. आई खालून ओरडली, काय करतेयस वर इतका वेळ? सांगितलं तर म्हणे, कंबर मोजायला तू काय शिंपी आहेस का.

पण हे काम लोकांनी अगदी सिरीयसली केलंय. ब्रेट सिल्व्हरस्टीन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एक पेपर छापला, त्यात त्यांनी 'व्होग' आणि 'लेडीज होम जर्नल' या दोन मासिकांचे १९०१ पासून १९८१ पर्यंतचे अंक काढून आतल्या बायकांच्या फोटोंवर मोजमाप घेतलं, छाती किती आणि कंबर किती, आणि छातीला कंबरेनं भागलं. भागायचं का, तर एका पानावर बाई वीतभर असते आणि दुसऱ्यावर बोटभर, नुसत्या सेंटीमीटरला काही अर्थ नाही, गुणोत्तर मात्र फोटो लहान असो की मोठा, तेच राहतं. माझ्या पदराचा प्रॉब्लेम त्यांना आला नाही, एवढाच फरक.

आपल्याला वाटेल की पूर्वी भरलेल्या बायका सुंदर समजायचे आणि मग हळूहळू बारीक बारीक होत आज इथवर आलो. तसं अजिबात दिसत नाही. १९०१ पासून ते गुणोत्तर जे घसरतं ते १९२५ च्या आसपास पार तळाला जातं, मग चाळीसच्या दशकाच्या शेवटापर्यंत पुन्हा बऱ्यापैकी वर चढतं, आणि साठच्या दशकाच्या शेवटी परत खाली. झोपाळाच.

सुरुवातीच्या टोकाला होती गिब्सन गर्ल. चार्ल्स डाना गिब्सन हा चित्रकार १८९० च्या दशकापासून 'लाइफ' नावाच्या विनोदी साप्ताहिकात (नंतरचं फोटोंचं 'लाइफ' वेगळं) पेननं एक बाई काढायचा, उंच, मान ताठ, केसांचा मोठा अंबाडा, वर भरलेली, खाली भरलेली आणि मध्ये कॉर्सेटनं आवळलेली. अमेरिकेतल्या मुली वर्षानुवर्षं तिच्यासारखं दिसायला धडपडत होत्या, आणि ती होती शाईची. शाईच्या बाईला पोट नसतं, आतडी नसतात, बाळंतपण नसतं. आमच्या माळ्यावरची निरांजनवाली तिचीच लांबची बहीण म्हणायची. आपल्याकडे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी मुखपृष्ठांवर आणि कॅलेंडरांवर ज्या बायका रंगवल्या त्या दोन-तीन पिढ्यांनी भिंतीवर पाहिल्या, आणि मला ती चित्रं आजही जाम आवडतात, पण शेजारच्या काकूंशी ताडून बघायला गेलात तर काकूंवर अन्याय होतो.

विसाच्या दशकातली फ्लॅपर, म्हणजे त्या काळची नव्या फॅशनची तरुणी, एकदम उलटं टोक. सरळसोट फ्रॉक, आखूड केस, आणि छाती दिसू नये म्हणून पट्ट्यांनी चपटी बांधायची. म्हणजे आधीच्या पिढीनं कंबर आवळली, यांनी छाती आवळली, आवळायचं काही सुटलं नाही. सिल्व्हरस्टीनचं म्हणणं असं की बायका मोठ्या संख्येनं कॉलेजात आणि नोकरीत शिरतात त्या काळात मासिकातली बाई सपाट होते, कारण भरलेलं अंग म्हणजे घर-संसार आणि अक्कल बेताची अशी एक समजूत असायची. मला हे अर्धंच पटतं. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, कपड्यांची फॅशन, नाच, सिनेमा हे सगळंच त्याच वेळी बदलत होतं.

मग तीस-चाळीसचं दशक आलं आणि अमेरिकन मासिकांमध्ये जाहिराती दिसायला लागल्या, वजन वाढवायच्या! यीस्टच्या गोळ्या. एकीकडे हडकुळी पोरगी जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, दुसरीकडे तीच गोळ्या खाऊन अंग भरलेली, मागे पोरांचा घोळका. आजची वजन कमी करायची जाहिरात घ्या, 'आधी' आणि 'नंतर' चे फोटो उलटे लावा, झाली तयार.

माझं आवडतं साल मात्र १९६६. त्या वर्षी लंडनमध्ये 'डेली एक्सप्रेस' नं ट्विगी नावाच्या १६ वर्षांच्या पोरीला वर्षाचा चेहरा म्हणून छापलं. ट्विग म्हणजे काटकी, नावातच सगळं आलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, त्याच लंडनमध्ये, मुंबईत डॉक्टरकी शिकणारी गोवेकर घरातली रीटा फारिया मिस वर्ल्ड झाली, आशियातून हा किताब मिळवणारी पहिलीच. एकाच शहरात, एकाच वर्षात, एक काटकी आणि एक चांगली उंचनिंच धडधाकट मुलगी, दोघीही सुंदर म्हणून पेपरात. आणि इकडे दलालांचा कुंचला अजून चालू होता, त्यांची बाई दोघींसारखीही नव्हती. म्हणजे एका काळाचा एकच आदर्श असतो हेही खरं नाही, मासिक कुठलं आणि गिऱ्हाईक कोण त्यावर आहे.

आकड्यांचं मोठं काम नंतर झालं. डेव्हिड गार्नर, पॉल गारफिंकेल वगैरे मंडळी टोरांटोत अॅनोरेक्सियाच्या, म्हणजे वजनाच्या धास्तीनं खाणंच सोडून देणाऱ्या मुलींवर काम करत होती. १९८० साली त्यांनी मिस अमेरिका स्पर्धेतल्या मुली आणि 'प्लेबॉय' च्या मधल्या पानावरच्या मॉडेल्स यांची १९५९ ते १९७८ ची वजनं-उंच्या मांडल्या. उंचीच्या मानानं वजन उतरत गेलं होतं, आणि त्याच वीस वर्षांत साध्या अमेरिकन तरुणींचं सरासरी वजन वाढलं होतं. बायकांच्या मासिकांत डाएटवरचे लेखही वाढले होते, अर्थात. कागदावरची बाई एका दिशेनं चाललेली आणि कागद वाचणारी दुसऱ्या, हे अंतर मला नुसत्या बारीकपणापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

२००२ मध्ये व्होरासेक आणि फिशर या दोघांनी 'प्लेबॉय' चे डिसेंबर १९५३ ते डिसेंबर २००१ चे सलग ५७७ मधले फोटो घेतले (घरी काय सांगितलं असेल देव जाणे) आणि तो पेपर चक्क 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये आला. बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, तो कमी होत गेलेला. छाती कमी, नितंब कमी, पण कंबर वाढलेली! वजन उतरतंय आणि कंबर वाढतेय, कसं काय? तर वळणं पुसली जात होती, बाई सरळ होत चालली होती. अर्थात ही मापं मासिकानंच छापलेली, टेप लावून कुणी खात्री केली नव्हती, त्यामुळे आकडे थोडे जपूनच धरा.

याच फोटोंवरून एक मोठं भांडणही झालंय. भारतातून अमेरिकेत गेलेले देवेंद्र सिंग टेक्सासच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकवायचे. १९९३ साली ते म्हणाले की वजन वरखाली होऊ दे, पण कंबर भागिले नितंब हे उत्तर मात्र ०.७ च्या आसपासच राहिलंय, म्हणजे नितंब १०० सेंमी तर कंबर ७०, आणि पुरुषांना हे आवडतं कारण ते तब्येतीची आणि मूल होण्याच्या क्षमतेची खूण आहे, उत्क्रांतीनं मेंदूत बसवलेली. झालं, ०.७ हा जादूचा आकडा जगभरच्या पेपरात. २००२ मध्ये फ्रीज आणि मेलँड यांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि दाखवलं की ते ०.७ वर चिकटून बिलकुल नव्हते, चांगले पसरलेले होते आणि काळाप्रमाणे सरकतही होते. त्याआधी १९९८ मध्ये यू आणि शेपर्ड पेरूच्या जंगलातल्या माचिगेंगा लोकांकडे गेले होते. बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेल्या पुरुषांनी जाड कंबरेच्या भरलेल्या बाईचं चित्र पसंत केलं आणि बारीक कंबरवालीला चक्क आजारी ठरवलं. आमच्या आजीनंही हेच केलं असतं, हवापाण्याची चौकशी केली असती वर.

मग आवड बदलते कशी? मला सगळ्यात पटणारं उत्तर डोळ्यांचं आहे. श्रीखंड खाऊन लगेच चहा प्या, चहा अगोड लागतो. साखर तेवढीच असते, जीभ सरकलेली असते. नजरेचंही तसंच. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात विंकलर आणि ऱ्होड्स यांनी लोकांना काही मिनिटं रुंदीत दाबून अगदी चिंचोळे केलेले बायकांचे फोटो दाखवले, आणि नंतर विचारलं की आता यातली नॉर्मल कोणती, सुंदर कोणती. दोन्ही उत्तरं बारीक बाजूला सरकली. कुणी जाहिरात केली नाही, कुणी ही फॅशन आहे म्हणून सांगितलं नाही, नुसतं बघितलं. डोक्यात एक सरासरी शरीर असतं आणि ते रोज बघण्यातल्या शरीरांवरून आपोआप दुरुस्त होत राहतं, फक्त त्या सरासरीत गल्लीतल्या बायकांबरोबर कव्हरवरच्याही मोजल्या जातात. निकाराग्वाच्या खेड्यांत, जिथं काही गावांत वीज-टीव्ही होता आणि काहींत नव्हता, तिथं लिंडा बूथरॉइड यांच्या गटाला टीव्ही जास्त बघणाऱ्यांची पसंती बारीक बाजूला झुकलेली दिसली.

फिजीची गोष्ट तर आपल्यालाच वाटावी अशी. तिथं भरलेलं अंग म्हणजे घरच्यांनी नीट जेवू घातलेलं अंग, कुणी वाळलं तर लोक काळजीनं विचारायचे, आपल्याकडे 'किती सुकलीस गं' म्हणतात तसंच. १९९५ मध्ये एका भागात टीव्ही आला आणि अॅन बेकर या हार्वर्डच्या संशोधिकेनं शाळकरी मुलींची पाहणी केली, तीन वर्षांनी पुन्हा केली. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली १९९५ मध्ये एकही नव्हती, १९९८ मध्ये ११.३ टक्के. आपण जाड आहोत असं कधी ना कधी वाटलं म्हणणाऱ्या ७४ टक्के. मुली दोन्ही वेळी वेगळ्या होत्या, संख्या साठ-पासष्टच, आणि तुलनेला टीव्ही नसलेलं गाव नव्हतं, म्हणून सगळं खापर टीव्हीवर फोडता येत नाही. तरी शून्यावरून अकरा.

आणि याच्या उलट बाजूचाही एक प्रयोग आहे, तो लोक सांगत नाहीत. एरिक स्टाइस आणि सहकाऱ्यांनी २१९ अमेरिकन किशोरवयीन मुली घेतल्या आणि त्यातल्या काहींना १५ महिने एक फॅशन मासिक फुकट लावून दिलं. बहुतेक मुलींवर टिकाऊ असा काही परिणाम दिसला नाही. ज्यांना आधीच घरून-मित्रमंडळींकडून आधार कमी होता किंवा आधीच स्वतःचं शरीर आवडत नव्हतं, त्या मात्र आणखी खचल्या.

सरकारांनी काय केलं, तर लेबलं. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर फोटोशॉप करून बारीक-जाड केलं असेल तर तसं छापावं लागतं, आणि इस्राएलनं त्याआधीच अशा लेबलांसोबत मॉडेलसाठी बीएमआयची किमान अट घातली, १८.५. लेबल वाचून मुलींना बरं वाटतं का, हे ऑस्ट्रेलियात मारिका टिगेमन यांच्या गटानं बरेचदा तपासलं, फारसा फरक पडत नाही. उलट नजर कुठे फिरते ते टिपणारं यंत्र लावलं तेव्हा दिसलं की लेबलात शरीराच्या अमुक भागाचं नाव घेऊन तो बदललाय असं लिहिलं की नजर बरोबर त्याच भागावर जाते.

हे वाचलं आणि हसूच आलं, कारण माझंही तेच झालंय. तो गठ्ठा परत माळ्यावर गेलाय आणि त्या निरांजनवालीचा चेहरा कसा होता म्हणाल तर धड आठवत नाही, साडी हिरवी होती की निळी तेही नाही. कंबर २.४.