दत्तक घ्यावं का, हे ठरायच्या आधी: वयाची बेरीज, अडणारे कागद आणि ४८ तास

"अजून काही ठरलेलं नाही, नुसती माहिती हवी होती." कराडला माझ्याकडे कागदांची पिशवी घेऊन येणारी बहुतेक जोडपी अशीच सुरुवात करतात, तीही जरा ओशाळून. ओशाळायचं कारण नाही. ठरायच्या आधीच विचारावं. अडकतात ते दुसरेच: चार वर्षं घरात कुजबुज चालते, मग एका संध्याकाळी नेट कॅफेत बसून अर्ज भरला जातो आणि महिन्याभराने "आमचा अर्ज दिसतच नाही" म्हणून फोन येतो.

एक गोष्ट आधी सांगतो. नोंदणी म्हणजे होकार नव्हे. नोंदणी केली, विचार बदलला, माघार घेतली, तर कुणी दंड करत नाही. मात्र रांगेत नंबर लागतो तो नोंदणीनंतरच, आणि लहान, निरोगी बाळासाठी ही रांग तीन वर्षांहून लांब आहे. म्हणून निम्मं मन तयार असलं तरी कागद जमवायला हरकत नाही. बाकीचं निम्मं मन तयार करायला पुष्कळ वेळ मिळतो.

आता घोळ कुठे होतो ते बघू. आपल्याकडे 'दत्तक' म्हटलं की डोळ्यासमोर वारस येतो. साताऱ्याची तर जुनीच जखम आहे. १८४८ मध्ये दत्तक वारस नामंजूर करून डलहौसीने संस्थान खालसा केलं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. भावाचा मुलगा मांडीवर घेणं, दत्तकपत्र करणं, हा रस्ता आजही आहे. तो हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ खाली येतो. मूल साधारणपणे १५ वर्षांच्या आतलं लागतं, बायकोची संमती लागते, आणि स्वतःचा मुलगा असेल तर मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलगी असेल तर मुलगी. नुसत्या स्टँपवर नोटरी करून थांबू नका. दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवा, नाहीतर पुढे जमिनीच्या वाटणीत हेच कागद चुलतभाऊ कोर्टात फाडतील.

अनाथ, टाकून दिलेलं किंवा आईने संस्थेकडे सोपवलेलं मूल हवं असेल, तर हा रस्ता नाही. तिथे बाल न्याय कायदा, २०१५ आणि २०२२ चे दत्तक नियम लागतात, आणि सगळं केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी 'कारा'च्या, पोर्टलवरून होतं. अमक्या दवाखान्यात एक बाळ आहे, परस्पर देतात, पन्नास हजारात काम होईल, असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. परस्पर घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पैसे देऊन घेतलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड. शिवाय दोन वर्षांचं झालेलं मूल पोलिस घेऊन जातात तेव्हा त्या घरात काय होतं, ते मी एकदा पाहिलंय. परत पाहायची इच्छा नाही.

पात्रता फार अवघड नाही. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली आणि दोघांची संमती हवी. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी, कुणालाही दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. आधीची दोन मुलं असतील तर विशेष गरजा असलेली किंवा ज्यांना घर मिळणं अवघड जातं अशीच मुलं मिळतात.

खरी मेख वयात आहे. इथे नवरा-बायकोच्या वयाची बेरीज धरतात. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं तर बेरीज ८५ च्या आत. दोन ते चार वर्षांसाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे १८ पर्यंत ११०. एकटं असाल तर अनुक्रमे ४०, ४५, ५० आणि ५५. मूल आणि आई-बाप यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. आता ४६ चा नवरा आणि ४१ ची बायको: बेरीज ८७. तान्हं बाळ नाही, तीन वर्षांचं चालेल. घरी 'बाळ, बाळ' चाललेलं असतं आणि ही बेरीज कुणी केलेलीच नसते.

त्यात आपली १ जून. गुरुजींनी शाळेत घालताना सरसकट १ जून टाकली, त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी. ते चालतं. पण पॅन कार्डावर एक तारीख, आधारवर दुसरी आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिसरी, हे चालत नाही. आधी दुरुस्ती करून घ्या, मगच पोर्टल उघडा. कारण नोंदणी केली की कागद चढवायला ३० दिवस मिळतात आणि लोक हीच मुदत चुकीची वाचतात. नोंदणी क्रमांक मिळाला म्हणजे रांगेत उभे राहिलो, असं वाटतं. तसं नाही. कागद पूर्ण चढले की रांग सुरू. ३० दिवसांत चढले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून नोंदणी. आधारची दुरुस्ती ३० दिवसांत होईल या भरवशावर कुणीही राहू नये.

कागदांत फोटो, पॅन, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा हे नेहमीचं. अडतात ते तीन.

पहिला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र. लग्नाला बारा वर्षं झाली, पाचशे पानं उठली, पण नोंदणी नाही. लग्नपत्रिका, तीन साक्षीदार आणि भटजींची सही हे लागतं. गावात ग्रामपंचायतीत नोंद होते. भटजी वारले असतील तर काय करायचं, हे अर्ज द्यायच्या आधीच विचारून घ्या. दुसरेपणाचं लग्न असेल तर आधीच्या घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम लागतो. पंचांसमोर स्टँपवर लिहून घेतलेली सोडचिठ्ठी दाखवली की अर्ज तिथेच बसतो.

दुसरा, उत्पन्नाचा. नोकरदाराला पगारपत्रक किंवा आयकर विवरण पुरतं. शेतकऱ्याला तहसीलदारांचा दाखला. आणि आपण तो वर्षानुवर्षं कमीत कमी आकड्याचा काढत आलोय, शिष्यवृत्तीसाठी, योजनांसाठी. तोच दाखला इथे लावला की कागदावर तुम्ही मूल सांभाळू न शकणारं घर ठरता. नियमात किमान उत्पन्नाचा आकडा नाही, पण सांभाळायची ऐपत दिसली पाहिजे. उसाचं बिल, दूध संस्थेचा हिशेब, बेदाण्याची पट्टी, जे खरं आहे ते गृहभेटीला, म्हणजे घर पाहायला, येणाऱ्या सामाजिक कार्यकर्तीसमोर ठेवा.

तिसरा, डॉक्टरांचा दाखला. नोकरीला लागतो तसा 'फिट' एवढाच शेरा पुरत नाही. जुनाट, संसर्गजन्य किंवा जिवावरचा आजार नाही आणि दत्तक घेण्यास योग्य, असा मजकूर हवा. साखर असेल तर लपवू नका; आटोक्यात आहे, असं डॉक्टरांकडून लिहून घ्या.

विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाई कामगारांसाठी, म्हणजे परगावी सोनं-चांदी गाळणाऱ्यांसाठी, एक वेगळी सूचना. आधार विट्याचं, दुकान कोइंबतूरला, बायको सहा महिने इथे, सहा महिने तिथे, असं असेल तर आधी पत्ता एक करा. जिथे प्रत्यक्ष राहता तिथे गृहभेट होते. दिवाळीपुरत्या उघडणाऱ्या घरात सामाजिक कार्यकर्तीला बोलावून काय दाखवणार? मुंबईला असलेल्या पाटण-जावळीच्या मंडळींनाही हेच लागू.

कागद चढल्यावर ६० दिवसांत गृह अध्ययन अहवाल, म्हणजे त्या गृहभेटीवरून लिहिलेला अहवाल, व्हायला हवा. फी सहा हजार; पुढे मूल मिळताना संस्थेला बाल संगोपन निधी म्हणून पन्नास हजार. दोन्हीची पावती मिळते, पावतीशिवाय काही देऊ नका. भेटीसाठी घराला रंग काढायची गरज नाही. बायकोला बोलू द्या, एवढं करा. सगळी उत्तरं नवऱ्याने दिली आणि आतून सासूबाई "आम्हाला आपल्यातलंच हवं" म्हणाल्या, की लिहिणारी काय समजायचं ते समजते. जात विचारू नका, सांगत नाहीत. हा अहवाल तीन वर्षं चालतो.

मग वाट पाहणं. आणि एके दिवशी मोबाइलवर मेसेज: मुलाचा फोटो, त्याची माहिती, वैद्यकीय अहवाल. ते मूल आपल्यासाठी राखून ठेवायला ४८ तास. सगळ्यात जीव तुटतो तो इथे. अर्ज भरताना कॅफेवाल्याचा ईमेल दिलेला, सिम बंद पडलेलं, आणि मेसेज कुणी पाहिलाच नाही. स्वतःचाच नंबर द्या आणि तीन वर्षं बदलू नका. वैद्यकीय अहवाल कुठल्या बालरोगतज्ज्ञाला दाखवायचा तेही आधीच ठरवून ठेवा. अशा तीन संधी मिळतात. तिन्ही सोडल्या तर वर्षभर पुन्हा नोंदणी करता येत नाही. निर्णयाची खरी मुदत ती ४८ तासांची आहे, नोंदणीची नव्हे.

पुढचं संस्था आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष बघतो. मूल आधी संगोपनासाठी घरी येतं. २०२१ च्या दुरुस्तीने अंतिम आदेश कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आला आणि त्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. त्यावरून जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून तुमचीच नावं लागतात. नंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी कुणीतरी पाहायला येतं.

अजून ठरलं नसेल तर जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात नुसतं जाऊन विचारा, त्याला नोंदणी लागत नाही. विवाह नोंदणी मात्र या आठवड्यातच करून टाका. दत्तक घ्या न घ्या, तो कागद इतर कामांनाही लागतो.