ग्रेट डेन : नाव डेन्मार्कचं, कुत्रा जर्मनीचा

ग्रेट डेन दिसला की आपल्याकडे तोंडातून हमखास निघतं, ‘अबब, वासराएवढा आहे!’ दुसरं वाक्य असतं, ‘डेन्मार्कचा ना हा?’ पहिल्यात फारशी अतिशयोक्ती नाही. दुसरं मात्र चूक आहे, आणि ती चूक अडीचशेहून अधिक वर्षं जुनी आहे.

या जातीची वंशावळ थेट प्राचीन इजिप्तपर्यंत नेणारे लोक आहेत. त्यांच्या नादी न लागलेलं बरं. भरवशाचा धागा सोळाव्या शतकात हाती लागतो. जर्मन राजेरजवाडे रानडुकराच्या शिकारीसाठी इंग्लंडहून दांडगे कुत्रे आणवत. मास्टिफची ताकद आणि ग्रेहाउंडचा वेग असलेल्या या कुत्र्यांनी शिकारी पोहोचेपर्यंत डुकराला धरून ठेवायचं. पुढच्या शतकात त्यांची पैदास दरबारांतच होऊ लागली. त्यातले देखणे कुत्रे रात्री मालकाच्या शयनगृहात पहाऱ्याला असत. त्यांच्या गळ्यात सोनेरी मुलाम्याचे पट्टे. एवढं होऊनही जर्मनीत त्यांना बराच काळ ‘इंग्लिश’च म्हणत.

डेन्मार्क यात आला तो एका ग्रंथामुळे. अठराव्या शतकाच्या मध्यात एका फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने या धाटणीच्या कुत्र्याला ‘ग्राँ दानुआ’, म्हणजे थोरला डॅनिश, म्हटलं. इंग्रजीने ते नाव उचललं आणि आजतागायत सोडलेलं नाही. गंमत म्हणजे खुद्द फ्रेंचांनी ते केव्हाच टाकून दिलं. तिथे आता ‘जर्मन डॉग’ या अर्थाचं नाव चालतं. इटालियन लोक याला ‘अलानो’ म्हणतात, ते आणखी तिसरंच. डेन्मार्कचा स्वतःचा थोराड कुत्रा म्हणजे ब्रोहोल्मर. तो पार नामशेष व्हायच्या बेतात होता. १९७०च्या दशकात त्याला कसाबसा सावरला.

खरा वाद पेटला एकोणिसाव्या शतकात. १८६३च्या हॅम्बुर्ग प्रदर्शनात ‘डॅनिश डॉग’ आणि ‘उल्मर डॉग’ अशा दोन वेगळ्या जाती मांडल्या गेल्या. परीक्षकांना त्यांतला फरक सांगता सांगता नाकी नऊ येत. शेवटी १८७८ मध्ये बर्लिनला सात जाणकारांची समिती बसली आणि तिने उल्मर, डॅनिश, इंग्लिश, डुक्करपकड्या ही सगळी नावं मोडीत काढून एकच नाव ठरवलं : ‘डॉयचे डॉगे’, म्हणजे जर्मन डॉग. १८८० मध्ये बर्लिनच्याच प्रदर्शनात जातीचे पहिले निकष लिहिले गेले. जर्मनीचं एकीकरण होऊन तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती, आणि खुद्द चान्सलर बिस्मार्कच्या पायाशी हेच कुत्रे बसलेले असत. निर्णयात राष्ट्राभिमान होताच. पण म्हणून तो चुकीचा ठरत नाही. मुळात कुत्रे एकच होते. अमेरिकेत १८८९ मध्ये संघटना निघाली तेव्हा तिच्या नावात ‘जर्मन मास्टिफ’ होतं. दोनच वर्षांत ते गळलं आणि ‘ग्रेट डेन’ उरलं.

बंदुका आल्या, डुकराची शिकार मागे पडली, आणि पुढची पैदास रुबाबासाठी झाली. डुकराच्या सुळ्यांनी फाटू नयेत म्हणून कान छाटायची पद्धत होती. काम संपल्यावरही ती शोभेसाठी चालू राहिली. जर्मनीत १९८७ पासून तिला बंदी आहे.

स्वभावाने हा कुत्रा मवाळ, आपण केवढे आहोत याचा पत्ता नसलेला. सोफ्यावर माणसाच्या मांडीत बसायला बघणारा. दुखणं आहे ते आकारात. खोल छातीमुळे पोट फुगून पीळ पडण्याचा धोका मोठा, आणि आयुष्य बहुधा सात ते दहा वर्षांचं. पूर्वी निकषांत खांद्याजवळची किमान उंची तेवढी असे : नराला ८० सेंमी, मादीला ७२. आता नराला ९० आणि मादीला ८४ अशी वरची मर्यादाही घातली आहे. मिशिगनमधला विक्रमवीर झ्यूस १११.८ सेंमी उंच होता. २०१४ मध्ये तो गेला, तेव्हा सहा वर्षांचाही झाला नव्हता.