वेश्याव्यवसायाची कायदेशीर मान्यता

पैशाच्या किंवा अन्य मोबदल्यात प्रौढ व्यक्तींमध्ये होणारा लैंगिक व्यवहार राज्याने गुन्हा मानावा, परवाना देऊन नियंत्रणाखाली आणावा, की गुन्ह्यांच्या यादीतून काढून इतर उपजीविकांसारखा सोडून द्यावा, यासंबंधीचा वाद. भारतात हा वाद प्रामुख्याने मुंबई, पुणे, सांगली आणि कोलकाता येथील वस्त्यांच्या अनुभवावर लढवला गेला आहे. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार इंदूर व भोवतालचा माळवा डोळ्यांसमोर ठेवून केला आहे, कारण कामाठीपुरा किंवा बुधवार पेठ यांवरून मराठीत रूढ झालेले निष्कर्ष या प्रदेशाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

मान्यतेची मागणी करणारे सर्व जण एकच गोष्ट मागत नाहीत, आणि बरीचशी वादावादी यामुळेच निष्फळ ठरते. नेदरलँड्सने १ ऑक्टोबर २००० रोजी कुंटणखान्यांवरील बंदी उठवली आणि जर्मनीने २००२ मध्ये या व्यवसायातील करारांना कायद्याचे संरक्षण दिले. या दोन्ही देशांत परवाना, नोंदणी व तपासणी यांचा राज्याला अधिकार आहे. न्यूझीलंडने २००३ मध्ये वेगळा मार्ग घेतला. तेथे प्रौढांनी स्वेच्छेने केलेला व्यवहार गुन्हा राहिला नाही, आणि चार जणींपर्यंतच्या, स्वतःच चालवलेल्या छोट्या जागेला प्रमाणपत्राचीही गरज ठेवली नाही. स्वीडनने १ जानेवारी १९९९ पासून सेवा देणारीला निर्दोष मानून केवळ गिऱ्हाईकाला दंडनीय ठरवले; नॉर्वे, आइसलँड, कॅनडा, फ्रान्स व आयर्लंड यांनी पुढे तोच कित्ता गिरवला. भारतातील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या बहुतेक संघटना न्यूझीलंडच्या धर्तीची व्यवस्था मागतात आणि परवाना पद्धतीला विरोध करतात, परंतु वृत्तपत्रांत मात्र ‘परवाना द्यावा का’ असाच प्रश्न विचारला जातो.

भारतीय कायद्याची स्थिती

भारताने १९५० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी व्यापारविरोधी करारावर सही केली आणि त्यानुसार १९५६ मध्ये स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापाराला आळा घालणारा कायदा केला. १९८६ च्या दुरुस्तीनंतर त्याला अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम हे नाव मिळाले. एकट्या प्रौढ स्त्रीने खासगी जागेत पैसे घेऊन संबंध ठेवणे या कायद्यानुसार गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणे, त्यासाठी जागा देणे, दुसऱ्याला या धंद्यात आणणे, उघड्यावर गिऱ्हाईक बोलावणे आणि देवस्थान, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांसारख्या ठिकाणांपासून २०० मीटरच्या आत व्यवसाय करणे हे सर्व गुन्हे आहेत. कुंटणखान्याची व्याख्या इतकी व्यापक आहे की परस्परांच्या फायद्यासाठी एका खोलीत राहणाऱ्या दोन स्त्रियाही तिच्यात बसू शकतात, म्हणजे सुरक्षिततेसाठी एकत्र राहणे हेच धोक्याचे ठरते. छाप्यात सापडलेल्या प्रौढ स्त्रीला कलम १७ नुसार दंडाधिकारी एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवू शकतो. तिच्यावर कोणताही आरोप नसतो, तरीही ती कोंडली जाते. या विचित्र अवस्थेचे समर्थन मान्यतेचे कडवे विरोधकही क्वचितच करतात.

संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांच्या व्यापाराला बंदी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये या गुन्ह्याची व्याख्या असून, धमकी, फसवणूक किंवा आमिष दाखवून मिळवलेली पीडितेची संमती तेथे गैरलागू मानली आहे. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत वादाला जागाच नाही आणि या नोंदीत पुढे जे काही म्हटले आहे ते केवळ प्रौढ व्यक्तींविषयी आहे.

इंदूर परिसरातील पूर्वपीठिका

परवाना पद्धत भारताला नवी नाही. १८१८ च्या मंदसोर तहानंतर इंदूरजवळ वसलेल्या महूसारख्या ब्रिटिश छावण्यांना १८६४ चा छावणी कायदा लागू झाला. त्याखाली गोऱ्या शिपायांसाठीच्या ‘लाल बाजारा’तील स्त्रियांची नोंदणी होई, ठरावीक मुदतीने त्यांची सक्तीने वैद्यकीय तपासणी होई आणि रोग आढळल्यास त्यांना खास रुग्णालयात डांबले जाई. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने हीच व्यवस्था काही शहरांत नेली. शिपायाची तपासणी मात्र या योजनेत नव्हती. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांनी उभारलेल्या चळवळीमुळे तेथील कायदे १८८६ मध्ये आणि भारतातील १८६८ चा कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. सरकारी नोंदणी म्हणजे स्त्रीचे संरक्षण, असे सहज गृहीत धरणाऱ्यांनी हा पंचवीस वर्षांचा इतिहास पाहायला हवा.

दुसरा प्रसंग होळकर दरबाराशी जोडलेला आहे. मुमताज बेगम ही तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबारातील नर्तिका दरबार सोडून निघून गेली आणि मुंबईतील व्यापारी अब्दुल कादर बावला याच्या आश्रयाला राहिली. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर तिला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला, त्यात बावलाचा खून झाला आणि तिच्या चेहऱ्यावर वार झाले. खटल्याचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले व १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली. इंदूरच्या मराठी घरांत हे प्रकरण अजूनही दरबारी भानगड म्हणूनच सांगितले जाते. प्रस्तुत वादाच्या दृष्टीने मात्र त्यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मुमताजला दरबारात मान, दागिने व उत्पन्न होते, पण निघून जाण्याची मोकळीक नव्हती. संमती खरी की नाममात्र हे ठरवताना स्त्री या व्यवसायात कशी आली याइतकेच, ती त्यातून बाहेर पडू शकते का आणि एखाद्या गिऱ्हाईकाला नकार देऊ शकते का, हे पाहावे लागते.

मान्यतेच्या बाजूचे युक्तिवाद

सर्वांत जुना युक्तिवाद आरोग्याचा आहे. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईतील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या तपासणीत झाली, आणि त्यानंतर धरपकड करण्यापेक्षा त्यांनाच आरोग्यसेवक बनवणे अधिक परिणामकारक ठरते हे कोलकात्यातील सोनागाछी येथे डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून दाखवून दिले. त्याच कामातून १९९५ मध्ये ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ उभी राहिली. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन झाली. धंदा करणाऱ्या बाईला सुटका नको, पोलिसांचा जाच थांबायला हवा, ही भूमिका मराठीत प्रथम ठामपणे मांडली गेली ती बहुधा तेथूनच. ‘द लॅन्सेट’ने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासमालेत, हा व्यवसाय गुन्हेगारीच्या कक्षेबाहेर काढल्यास पुढील दशकात या स्त्रिया व त्यांची गिऱ्हाइके यांच्यातील एचआयव्हीचे ३३ ते ४६ टक्के नवे संसर्ग टळू शकतील असा अंदाज मांडला होता.

दुसरा युक्तिवाद पोलिस ठाण्याशी संबंधित आहे. व्यवसाय अर्धवट बेकायदा असल्यामुळे हप्ता द्यावा लागतो, मारहाण किंवा बलात्कार झाला तरी तक्रार करता येत नाही, घरमालक वाटेल ते भाडे मागतो आणि दलालाची गरज वाढते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात कायद्यातील एका त्रुटीमुळे बंद दाराआडचा व्यवहार काही काळ गुन्हा राहिला नव्हता व २००९ मध्ये तो पुन्हा गुन्हा ठरला; त्या काळाच्या अभ्यासात राज्यातील बलात्काराच्या नोंदी आणि स्त्रियांमधील परम्याचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे दिसले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ मध्ये गुन्हेगारीकरण रद्द करण्याच्या बाजूने धोरण स्वीकारले, त्यामागेही मुख्यतः हाच विचार होता. व्यवसायस्वातंत्र्य आणि सन्मानाने जगण्याचा हक्क यांचा आधार या बाजूचे वकील घेतात. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन प्रौढ स्त्रियांची मुक्तता करताना, वेश्याव्यवसाय हा या कायद्याखाली स्वतः गुन्हा नाही आणि प्रौढ स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे, असे स्पष्ट केले.

विरोधातील युक्तिवाद

विरोधकांत नीतिवादी असतात, पण त्यांचे म्हणणे या वादात फारसे निर्णायक नाही. समाजाला न रुचणारी प्रत्येक गोष्ट गुन्हा ठरत नाही. खरा प्रतिवाद येतो तो समतेच्या भूमिकेतून. पैशाने घेतलेली संमती ही गरजेने दिलेली असते, मागणी जवळजवळ सर्वस्वी पुरुषांची असते, आणि राज्याने या व्यवहाराला सेवाक्षेत्र म्हटले की दलालाचा व्यवस्थापक होतो, अशी स्वीडिश कायद्यामागील मांडणी आहे. सुमारे १५० देशांच्या आकडेवारीवर आधारलेल्या २०१३ मधील एका अर्थशास्त्रीय अभ्यासात, मान्यता असलेल्या देशांत मानवी व्यापाराची आवक सरासरीने अधिक नोंदली जाते असे आढळले. मात्र ज्या गुन्ह्याची नोंदच अपुरी होते त्याची देशोदेशी तुलना किती विश्वसनीय मानावी, हा आक्षेप उरतोच आणि खुद्द संशोधकांनीही सावधगिरीचा इशारा दिला आहे. जर्मनीने २०१७ मध्ये नोंदणी सक्तीची केली. २०१९ अखेर सुमारे ४०,४०० जणींचीच नोंद झाली होती, जी प्रत्यक्ष संख्येच्या कोणत्याही अंदाजापेक्षा फार कमी आहे. परवान्याखाली एक लहान वैध बाजार आणि त्याच्या बाहेर परदेशी, गरीब, कागदपत्रे नसलेल्या स्त्रियांचा मोठा अवैध बाजार, असा दुपदरी प्रकार तेथे झाला. न्यूझीलंडमध्ये २००८ च्या पुनरीक्षण समितीला या व्यवसायातील संख्या वाढल्याचे आढळले नाही, पण तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना तेथेही कायद्याचे छत्र नाही.

भारतात या बाजूला जातीचा मुद्दा येऊन मिळतो आणि तो परदेशी ग्रंथांत सापडणार नाही. महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ जून १९३६ रोजी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी व कामाठीपुऱ्यातील महार स्त्रिया यांच्यासमोर भाषण करून हे जिणे सोडण्याचे आवाहन केले. उपजीविकेचे काय, या अपेक्षित प्रश्नावर त्यांनी कोणतीही योजना मांडली नाही. मार्ग पुष्कळ आहेत, पण हा मार्ग सोडलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आजच्या संघटनांना ही भूमिका कठोर वाटते. परंतु एका विशिष्ट जातीच्या मुलींनीच एखादा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या ‘निवडावा’ यात निवड किती असते, हा त्यामागील प्रश्न टाळता येत नाही.

माळव्यातील विशेष प्रश्न

इंदूरच्या वायव्येला महू–नीमच रस्त्याच्या कडेने रतलाम, मंदसोर व नीमच जिल्ह्यांत बांछडा समाजाचे डेरे, म्हणजे वस्त्या, आहेत. ग्वाल्हेर, मुरैना, सागर या भागांत बेडिया समाजाची वस्ती आहे. मध्य प्रदेशात दोन्ही समाज अनुसूचित जातींत मोडतात आणि दोन्हींत काही कुटुंबांतील मुलीने, बांछड्यांत बहुधा थोरलीने, देहविक्रय करून घर चालवण्याची रीत चालत आली आहे. अशी ‘खिलावडी’ लग्न करत नाही. तिच्या कमाईवर आईवडील, भाऊ व भावांचे संसार चालतात, आणि घरात सून आणताना वरपक्षालाच वधूमूल्य मोजावे लागते. येथे कुंटणखाना म्हणावा असे वेगळे घर नसते, तो चालवणारी घरवाली नसते, पळवून आणणारा दलालही बऱ्याचदा नसतो. जे आहे ते घरच्यांकडूनच आहे.

यामुळे १९५६ च्या कायद्यातील कलम ४ चा अर्थ दोन ठिकाणी अगदी उलट होतो. वेश्येच्या कमाईवर जाणूनबुजून जगणाऱ्या अठरा वर्षांवरील व्यक्तीला हे कलम दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. सांगलीत किंवा कामाठीपुऱ्यात त्याचा फटका आईने शिकवलेल्या कॉलेजातील मुलाला किंवा तिच्यावर अवलंबून असलेल्या म्हाताऱ्या आईला बसू शकतो, म्हणून ते रद्द करावे ही मागणी न्याय्य वाटते. डेऱ्यावर मात्र धाकट्या बहिणीला त्याच वाटेने ढकलणाऱ्या बापाला व भावांना गाठणारे हे जवळजवळ एकमेव कलम आहे. ते सरसकट काढल्यास त्यांचे हितसंबंध अबाधित राहतील, आणि सरसकट लावल्यास सगळा डेरा तुरुंगात जाईल व मुली आणखी उघड्यावर पडतील. स्वीडनच्या धर्तीवर केवळ गिऱ्हाईकाला शिक्षा केल्यानेही हा गुंता सुटत नाही, कारण ट्रकवाला बदलला तरी घरातील अपेक्षा बदलत नाही. मध्य प्रदेश सरकारने १९९२ मध्ये या समाजांसाठी जाबाली योजना सुरू केली, तिचा रोख मुलांचे शिक्षण, आरोग्य व पर्यायी रोजगार यांवर होता. दंडविधानापेक्षा हा मार्ग प्रश्नाच्या मुळाशी अधिक जवळ होता, मात्र अशा योजनांना जी पिढीभराची चिकाटी लागते ती क्वचितच मिळते.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका

बुद्धदेव कर्मास्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात न्यायालयाने २०११ मध्ये समिती नेमली आणि १९ मे २०२२ रोजी संविधानाच्या १४२ व्या अनुच्छेदाखाली आदेश दिले. पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे, लैंगिक अत्याचार झाल्यास त्यांना इतर पीडितांप्रमाणेच वैद्यकीय मदत मिळावी, निरोध बाळगणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांच्या सुटकेचा विचार व्हावा, आणि निवासाचा पुरावा नसला तरी अधिकृत प्रमाणपत्रावर आधार कार्ड मिळावे, अशा त्यात तरतुदी आहेत. न्यायालयाने वेश्याव्यवसायाला व्यवसाय म्हणून मान्यता दिली, असे मथळे त्या वेळी अनेक वृत्तपत्रांनी छापले. ते अतिशयोक्त होते. स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रीला छाप्यात अटक करू नये, ही समितीची सर्वांत महत्त्वाची शिफारस केंद्र सरकारने हरकत नोंदवलेल्या शिफारशींपैकी होती आणि तत्काळ पालनाचा आदेश उरलेल्या शिफारशींपुरताच होता. १९५६ चा कायदा आपल्या जागी आहे, आणि छाप्यात मिळालेल्या बाईला घरी सोडायचे की संरक्षणगृहात पाठवायचे, हे आजही बव्हंशी संबंधित ठाणे व दंडाधिकारी यांच्यावरच अवलंबून असते.