वजनाच्या ऑपरेशननंतर उचकी लागली म्हणजे टाके उसवले?

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुप्समधे एक मेसेज फिरतच असतो, की वजन कमी करायचं ऑपरेशन झाल्यावर उचकी लागली म्हणजे आतले टाके उसवले, लगेच एका दमात ग्लासभर पाणी प्या. भीती वाटणं साहजिकच आहे हो, पोटावर ऑपरेशन झालेलं असतं.

पण उचकी म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला पडद्यासारखा स्नायू अचानक आखडतो आणि घसा पटकन बंद होतो, तोच "हिक्". हा पडदा जठराला अगदी लागून, आणि गॅस्ट्रिक बायपासनंतर (हृदयाचं नव्हे, वजन कमी करायचं जठराचं ऑपरेशन) जठराची पिशवी सुरुवातीला जेमतेम ३० मिलीची उरते, म्हणजे दोन मोठे चमचे! मग दोन घास जास्त झाले, भरभर गिळलं, सोडा प्यायला किंवा पोह्यांवर जिरावण (आपला इंदुरी मसाला) जरा सढळ हाताने पडलं की उचकी. बऱ्याच जणांना तर पोट भरल्याची खूण हीच असते. त्यात वर ग्लासभर पाणी ओतलं तर त्रास वाढणार, उलटीसुद्धा होईल.

स्वतः बघा ना, कितव्या घासाला उचकी येते ते, तिथेच थांबा, पुढच्या वेळी छोटा घास, नीट चावून. थांबल्यावर थोड्या वेळात गेली तर कारण तेच असावं.

नुसत्या उचकीवरून टाक्यांचं काही ठरत नाही. मात्र सोबत ताप, छातीत धडधड, पोटात किंवा खांद्यात जोराची कळ, सारख्या उलट्या असतील, तर लगेच सर्जनला फोन करा, आणि ४८ तास उचकी थांबलीच नाही तरी दाखवाच.