सार्स २००३ : टोरांटोच्या परिचारिका आणि न तपासलेले मास्क

साथीत राबणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांच्या मनावर काय परिणाम होतो, याबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं २००३च्या सार्समधून, म्हणजे कोरोना विषाणूमुळे होणाऱ्या श्वसनाच्या आजाराच्या साथीतून आलं. जगभरात ८,०९८ रुग्ण, ७७४ मृत्यू. रुग्णांमधला साधारण दर पाचवा माणूस आरोग्य कर्मचारी. कॅनडात तर शंभरात ४३. टोरांटोत दोन परिचारिका आणि एक डॉक्टर दगावले.

२६ मार्चला ओंटारिओने, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे त्याने, आणीबाणी जाहीर केली. रुग्णाशी संपर्क आलेला, पण ज्यांच्यावाचून वॉर्ड चालणार नाही, असा कर्मचारीवर्ग 'कामापुरत्या विलगीकरणात' गेला. घर ते रुग्णालय एवढीच मुभा. बस-मेट्रोने जायचं नाही, घरातही मास्क, झोपायला वेगळी खोली, दिवसातून दोनदा ताप मोजायचा. लेकरू दाराशी उभं, आणि आईने त्याला जवळ घ्यायचं नाही.

त्यात मास्कचा प्रश्न. एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी. कडेला फट राहिली की हवा गाळली न जाता तिथूनच आत शिरते. म्हणून चाचणी करतात. आधी मास्कशिवाय डोक्यावर टोप चढवून सॅकरीनचा फवारा मारतात, चव कळते ना हे बघायला. मग मास्क घालून पुन्हा फवारा आणि सात हालचाली, प्रत्येकी एक मिनिट : साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, वर-खाली, बोलणं, वाकणं, पुन्हा साधा श्वास. जिभेवर गोड लागलं की मास्क गळतोय. दुसरा आकार घ्यायचा. मास्क नीट बसला पाहिजे, हे ओंटारिओच्या १९९३च्या नियमांत होतंच. तरी साथ आली तेव्हा अनेक रुग्णालयांत अशी चाचणी झालेलीच नव्हती. आपला मास्क गळतो की नाही, हे ठाऊक नसताना १२ तासांची पाळी करायची! ही धास्ती समुपदेशनाने कशी जाणार?

१४ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने टोरांटोला संसर्ग सुरू असलेल्या शहरांच्या यादीतून वगळलं. त्याच सुमारास खबरदारी सैल झाली. एका रुग्णालयातल्या परिचारिका 'हे न्यूमोनियाचे रुग्ण वेगळे वाटतात' असं सांगत होत्या. त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही. आठवडाभरातच दुसरी लाट उघड झाली. न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या चौकशी आयोगाने पुढे बजावलं की सुरक्षेसाठी शास्त्रीय खात्रीची वाट बघत बसू नका.

साथ संपल्यावर १३ ते २६ महिन्यांनी ७६९ कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. त्यात सार्सचे रुग्ण सांभाळलेली टोरांटोची नऊ रुग्णालयं होती आणि तसे रुग्ण न आलेली जवळच्या हॅमिल्टन शहरातली चार. टोरांटोत मानसिक थकवा आणि आघाताची लक्षणं जास्त आढळली. कामाचे तास किंवा रुग्णांशी संपर्क कमी केलेलेही तिथेच जास्त. प्रशिक्षण, संरक्षण आणि वरिष्ठांचा आधार पुरेसा नव्हता असं ज्यांना वाटत होतं, त्यांना त्रास अधिक झाला होता.

आपल्याकडचा साथरोग कायदा १८९७चा, मुंबईच्या प्लेगमुळे झालेला. त्याखाली काम करणाऱ्यांना त्याने खटल्यांपासून संरक्षण दिलं; त्यांच्या प्रकृतीविषयी एक शब्द नाही. कोविडमध्ये, २२ एप्रिल २०२०च्या अध्यादेशाने त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी शिक्षा आली : तीन महिने ते पाच वर्षं तुरुंगवास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. गरज होतीच. पण मास्क तपासून देणं, पाळीनंतर विश्रांती देणं हे कोणाचं काम, ते या दुरुस्तीतही लिहिलेलं नाही.