संस्थेतील मुले, सार्वजनिक बागा आणि मोबदल्याचा प्रश्न : पार्श्वभूमी

बालगृहातील (जिथे अनाथ, निराधार मुले राहतात) किंवा विशेष गृहातील (जिथे गुन्हा केलेली मुले ठेवली जातात) मुलांकडून सार्वजनिक बागेत खुरपणी, पाणी घालणे, रोपे लावणे अशी कामे करून घ्यायची आणि हातावर थोडे पैसे ठेवायचे, या विचाराची मुळे जुनी आहेत. १८५० च्या कायद्याने अनाथ व गरीब मुलांना उमेदवारीसाठी, म्हणजे काम शिकण्यासाठी, कारागिराकडे बांधून देता येई. गुन्हा केलेल्या मुलांसाठीच्या १८९७ च्या सुधारशाळा कायद्यात १४ वर्षांवरच्या मुलाला बाहेर मालकाकडे ठेवण्याची तरतूद होती. मुलाच्या हाताला काम मिळाले की ते सुधारते, असा तेव्हाचा विश्वास होता. मजुरीचा विचार गौण होता.

हे काम श्रम मानून त्याची मजुरी द्यायची की नाही, हा आजचा पेच त्या काळाचा नसून १९८६ नंतरचा आहे. त्या वर्षीच्या बालकामगार कायद्याने ठरावीक धंद्यांत मुलांना मनाई केली, पण सरकारी आणि अनुदानित शाळांना त्यातून वगळले. काम ‘शिक्षणाचा भाग’ ठरले की प्रश्न मिटायचा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ही पळवाट अरुंद झाली : १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वसाधारण बंदी आली. १४ ते १८ वयोगटाला धोकादायक नसलेले काम करता येते, मात्र संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत नाही. बागेला पाणी घालायची वेळ नेमकी पहाटेची असते, हे इथे लक्षात घ्यावे लागते.

खरा गुंता सामुदायिक सेवेचा आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्हा केलेल्या मुलाला, अशी सेवा करण्याचा आदेश देता येतो, आणि बाल न्याय कायद्याखालील २०१६ च्या आदर्श नियमांत तिच्या उदाहरणांमध्ये उद्यानांची देखभाल स्पष्टपणे आहे. ही सेवा विनामूल्य असते, कारण ती आदेशाचा भाग आहे. पण बालगृहातील अनाथ मुलाने कोणताही गुन्हा केलेला नाही. त्याला असा आदेश लागूच होत नाही. तरीही दोघे एकाच वाफ्यात खुरपणी करत असतील, तर एकाचे काम सेवा, दुसऱ्याचे प्रशिक्षण, आणि फक्त शेजारच्या रोजंदारीवरील माळ्याचे श्रम ठरतात. प्रशिक्षण म्हटले की ‘विद्यावेतन’ देता येते आणि ते किमान वेतनाच्या खाली ठेवता येते. माझ्या मते अन्याय होतो तो इथेच. शिकणे संपून रोजची देखभाल सुरू झाली, की ते काम माळ्याचेच असते.

किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत घेतलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम, असे १९८२ मध्ये एशियाडच्या (दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या) बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. १९९८ मध्ये कैद्यांनाही न्याय्य वेतन द्यावे, असा निकाल आला. त्यात अन्नवस्त्राचा खर्च कापून घेण्याची मुभा होती. शिक्षा झालेल्या प्रौढाचा हा हक्क मान्य होतो आणि निराधार मुलाच्या वाट्याला मात्र बक्षिसासारखी रक्कम येते, हे समर्थनीय नाही. स्वातंत्र्यापासून वंचित मुलांविषयीच्या १९९० च्या आंतरराष्ट्रीय नियमांत काम करणाऱ्या मुलाला न्याय्य मोबदला, त्यातला काही भाग बचत म्हणून बाजूला ठेवणे आणि सुटकेच्या वेळी ती बचत हाती देणे, हे सगळे लिहिलेले आहे.

मुलाची कमाई रोखून धरणे किंवा स्वतःसाठी वापरणे हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७९ नुसार गुन्हा आहे. ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड. म्हणून रक्कम किती, याइतकाच ती कोणाच्या नावे जमा होते हा मुद्दा तपासण्यासारखा आहे. पैसे मुलाच्या खात्यात न जाता संस्थेच्या वहीत राहिले, तर त्यांचा हिशेब मुलाला मागता यायला हवा.